आपल्या घरासमोरची भिंत

“ताई, ही थुंकी कोणाची? वस्तीवरच्या कुठल्या पेशंटची?” लॅबमधल्या भाऊंनी मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलताच विचारलं.

“आमच्या घरातली,” मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी डोकं वर केलं. मी आशा कार्यकर्ती. तलासरीच्या सरकारी दवाखान्यात कित्येक वर्षं मी लोकांच्या थुंकीच्या डब्या पोचवत आले होते. त्या दिवशीच्या डबीवर माझ्या नवऱ्याचं, नवसूचं नाव होतं. २०१५ सालचा पावसाळा संपत आला होता.

“थ्री प्लस आहे,” भाऊ हळू आवाजात म्हणाले. थ्री प्लस म्हणजे थुंकीत टीबीचे जंतू भरपूर, माणूस खोकला की आजूबाजूच्यांना लागण होऊ शकेल इतके. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. लोकांच्या ओट्यावर बसून मीच हे समजावत फिरायचे.

मग त्यांनी घरातल्या माणसांचा फॉर्म पुढे केला. असे फॉर्म मी डोळे मिटून भरते. पत्नी, वय चौतीस. मुलगी रूथ, वय पाच. रोग्याजवळ झोपते का, या रकान्याशी माझा हात थांबला. रूथ रोज बापाच्या कुशीत झोपायची. मी ‘होय’ लिहिलं आणि बाहेर येऊन नळावर उगाचच बराच वेळ हात धूत बसले.

हे सगळं मी का लिहिते आहे ते आधीच सांगते. तुमच्या घरात असा आजार आला आणि तुम्ही स्वतः शहाणे, जाणते, लोकांना सल्ले देणारे असाल, तर तुम्हाला धोका जास्त आहे. अडाणी माणूस डॉक्टरचं ऐकतो तरी. आमच्या घरात एक आशा आणि एक पास्टर होता, आणि दोघंही कोणाचं ऐकायची सवय मोडून बसली होती.

नवसू पूर्वी बोर्डीला चिकूच्या वाडीत कामाला जायचा. तिथेच कोणाच्या तरी संगतीने तो येशूच्या प्रार्थनेला बसू लागला, आणि पुढे आमच्या पाड्यावर पंधरा-वीस घरांची मंडळी उभी राहिली. तो मंडळीचा पास्टर झाला. आमच्याकडे बायका नवऱ्याला ‘तू’ म्हणतात. पण तो प्रवचनाला पुलपिटमागे उभा राहायला लागल्यापासून माझ्याही तोंडात ‘तुम्ही’ बसलं. चारचौघांत शोभून दिसतं म्हणून सुरू केलं आणि मग घरातही तेच राहिलं.

त्या उन्हाळ्यात प्रार्थनाघराच्या विटांच्या भिंती चढत होत्या. नवसू रविवारमागून रविवार बायबलमधल्या नहेम्याचीच गोष्ट सांगायचा. यरुशलेम शहराभोवतीचा कोट पडलेला, वेशी जळालेल्या, हे ऐकून परमुलखात राजाच्या चाकरीत असलेला नहेम्या बसून रडला, उपास केला आणि मग जाऊन त्याने कोट परत बांधला. ही गोष्ट सांगताना नवसूचा आवाज चढायचा. काम पुरं व्हावं म्हणून त्यानेही एकवीस दिवसांचा उपास धरला. दिवस मावळल्यावर वाटीभर पेज, बाकी पाणी.

उपास संपला तरी अंग भरेना. गालफडं बसली, पट्ट्याला दोन नवीन भोकं पाडावी लागली. मंडळीतल्या बाया मला म्हणायच्या, “पास्टरच्या तोंडावर कसं तेज आलंय गं!” ते तेज म्हणजे रोज संध्याकाळी चढणारा ताप होता. खोकला होता, तर मी म्हणायचे, सिमेंटची धूळ आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा, हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते. माझ्या घरात सात आठवडे खोकला चालला होता, आणि मी दुसऱ्यांची दारं वाजवत होते. उपासाने माणूस वाळतो हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून कोणाला शंका आली नाही. एके दिवशी थुंकीत रक्ताची तार दिसली तेव्हा मी डबी काढली.

उपचार सुरू झाले. तेव्हा एक दिवसाआड गोळ्या असायच्या. याला डॉट्स म्हणतात, म्हणजे गोळी देणाऱ्याने समोर बसून ती गिळलेली बघायची. देणारं माणूस शक्यतो घरचं नसावं असा नियम होता. टीबीचे सुपरवायझर म्हणाले, “अंगणवाडीच्या मंगलताईंकडे गोळ्यांची पेटी ठेवूया.” मी म्हटलं, “साहेब, पास्टर दर दोन दिवसांनी अंगणवाडीत गोळी गिळायला जाणार? लोक काय म्हणतील! अन् मी आशाच आहे ना, मी देते की.” माझं काम चांगलं होतं, माझ्या शब्दाला वजन होतं. साहेब तयार झाले. पुढचं सगळं इथून बिघडलं, आणि ते मी माझ्या हाताने केलं.

रूथचा एक्स-रे डहाणूतल्या मसोलीला काढला. छाती साफ होती. लागण झालीच तर दबून राहावी म्हणून लहान मुलांना सहा महिने आयएनएच नावाची एकच गोळी देतात. ती मी तिला रोज गुळाच्या खड्याबरोबर द्यायचे. तिची एकही गोळी चुकवली नाही, एवढं तरी मला म्हणता येतं.

पहिले दोन महिने नवसूने गोळ्या माझ्यासमोर घेतल्या. ताप गेला, खोकला बसला, पट्टा जुन्या भोकावर आला. दोन महिन्यांनी थुंकी निगेटिव्ह. डहाणूच्या डॉक्टर मॅडम त्याला स्पष्ट म्हणाल्या होत्या, “बरं वाटणं आणि बरं होणं वेगळं आहे. अजून चार महिने. मध्ये सोडलंत तर उरलेले जंतू जास्त जोराने उठतील.” त्याने मान डोलावली.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. मंडळीत कोणाचं काही भलं झालं की तो माणूस उभा राहून साक्ष देतो, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतो. प्रार्थनाघरावर छप्पर चढलं त्या रविवारी बाहेरगावचे पाहुणे आले होते. नवसू उभा राहिला आणि म्हणाला, “मला टीबी झाला होता. प्रभूने मला पूर्ण बरं केलं.” लोक रडले, टाळ्या झाल्या, मीही रडले. जेवणाच्या पंगतीत एका पाहुण्याने सहज विचारलं, “मग पास्टर, गोळ्या बंद ना आता?” नवसू फक्त हसला.

दुसऱ्या टप्प्यात आठवड्याच्या गोळ्या एका पाकिटात येतात. पहिला डोस समोर घ्यायचा, बाकीचे पेशंट घरी घेतो आणि रिकामं पाकीट आणून दाखवतो. वस्तीवर माझे दुसरे पाच पेशंट होते. त्यांना मी म्हणायचे, तोंड उघडा, जीभ वर करा. लघवी लाल होते का तेही विचारायचे, कारण रिफॅम्पिसिन नावाच्या गोळीने ती लालसर होते आणि गोळी पोटात गेल्याचं कळतं. घरात मात्र मी पाकीट फळीवर ठेवून निघून जायचे. पास्टरला तोंड उघडा कसं म्हणायचं! आठवड्याअखेर फळीवर रिकामं पाकीट असायचं. मी त्याच्या औषधाच्या कार्डावर खुणा करायचे.

पाचव्या महिन्यात थुंकी पुन्हा तपासली. टू प्लस.

डहाणूच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. आम्ही दोघं समोर बाकावर बसलो होतो. “एकही डोस चुकलेला दिसत नाही,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “ताई, सगळ्या गोळ्या तुम्ही बघून दिल्यात?”

“हो मॅडम,” मी म्हटलं.

त्या गंभीर झाल्या. “मग एमडीआरचा विचार करावा लागेल.” एमडीआर म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी. दोन वर्षांचे उपचार, सुरुवातीचे सहा महिने इंजेक्शनं, कानांवर आणि डोक्यावर परिणाम, सगळे बरे होतात असंही नाही. त्या सांगत होत्या आणि मला रूथच दिसत होती. या जातीचे जंतू तिला लागले तर तिला दिलेली आयएनएचची गोळी काही कामाची नाही, एवढं मला समजत होतं.

एसटी स्टँडवर आम्ही तलासरीच्या गाडीची वाट बघत बसलो. नवसूने समोरचा चहा तसाच ठेवला होता. मग तो खाली बघत म्हणाला, “मी नाय घेतल्या गोळ्या.”

“किती नाय घेतल्या?”

“साक्ष दिली तवापासून. एक पण नाय.”

“पाकिटं तर रिकामी ठेवायचास.”

“काढून प्रार्थनाघराच्या कुंपणाच्या पायात टाकल्या. नवीन भिंत बांधतोय तिथं. बाहेर टाकल्या असत्या तर कोंबड्यांनी खाल्ल्या असत्या.”

माझं डोकं सणकलं. इतक्या वर्षांत मी त्याच्यावर आवाज चढवला नव्हता, तो त्या स्टँडवर चढवला. “कोंबड्यांची काळजी होती तुला. रूथची नव्हती?” आजूबाजूचे लोक बघायला लागले. बघेनात का, असं वाटलं.

“मंडळीसमोर बोललो, प्रभूनं बरं केलं,” तो म्हणाला. “वर गोळ्या खायच्या म्हंजे साक्ष खोटी पडली ना.”

“प्रभूनं पाऊस पाडला म्हणून आपण भात लावायचं सोडतो काय?”

आमची गाडी लागली, लोक चढायला लागले. मी जागची उठले नाही. त्याला शिव्या घालणं सोपं होतं, पण अर्ध्या तासापूर्वी मॅडमसमोर ‘हो’ म्हणणारी मी होते. मी बघून दिल्या नव्हत्या. हे सांगितलं तर माझं आशाचं काम जाणार, तालुक्यात छी-थू होणार. नाही सांगितलं तर मॅडम चुकीचं कार्ड खरं धरून पुढचं ठरवणार. गाडी सुटली. मी नवसूला म्हटलं, “ऊठ. परत जायचं.”

ओपीडी बंद व्हायला आली होती. मॅडम पर्स घेऊन उभ्या होत्या. मी दारातच सांगून टाकलं, बसायला थांबले नाही. “कार्ड मी न बघता भरलं. यांनी तीन महिने गोळ्या घेतल्या नाहीत. मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घेणं माझं काम होतं.”

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, “बरं झालं आत्ता सांगितलंत. टेस्ट तर करायचीच आहे, कारण अर्धवट औषधाने जंतू औषधाला सरावतो. पण आता मला खरी गोष्ट माहीत आहे.” मग नवसूकडे बघून त्यांनी विचारलं, “घरात लहान मूल आहे ना? गेले काही महिने तुम्ही पुन्हा जंतू पसरवत होतात. उद्या तिला घेऊन या.”

नवसू त्या क्षणी जो खचला तो मी पाहिला आहे. आजाराने इतका खचला नव्हता.

त्याच्या थुंकीचा नमुना सीबी-नाट तपासणीला गेला. हे एक मशीन असतं, जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन त्याच्यावर चालेल का ते सांगतं. रिपोर्ट यायला आठवडा लागणार होता. माझे पाचही पेशंट तोवर दुसऱ्या आशाकडे दिले, माझी सगळी कार्डं तपासायला नेली. पाचही जण नीट निघाले. नंतर ते पेशंट मला परत मिळाले, पण त्या आठवड्यात मी पिशवीशिवाय घरात बसले होते आणि हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

रूथला बारीक ताप होता, वजनही किलोभर उतरलं होतं. लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, ती गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून पोटातलं पाणी काढतात. सिस्टरने मला तिचे हात धरायला सांगितले. तिने आधी मला हाक मारली, मग बापाला, मग तिच्या देवली काकीला. मी हात सोडले नाहीत. बाहेर व्हरांड्यात नवसू भिंतीकडे तोंड करून उभा होता. हातावर मांटू टेस्टही केली. त्यात कातडीखाली औषध टोचतात आणि दोन दिवसांनी गाठ किती उठली ते पट्टीने मोजतात.

देवली म्हणजे माझी जाऊ. आमची घरं एका अंगणाची. आम्ही प्रार्थनेला लागल्यापासून त्यांच्या देवाच्या कार्याला जात नव्हतो, त्यामुळे दोन्ही घरांत बोलणं कामापुरतं उरलं होतं. दवाखान्यातून आलो त्या दिवशी ती स्वतः अंगण ओलांडून आली. म्हणाली, “पोरीला माझ्याकडं झोपव. तुमचा देव कंचा अन् आमचा कंचा, ते मागून बघू. पोर तर आपलीच हाय ना.” तिने रूथची गोधडी उचलली आणि गेली. आजारी माणसांसाठी प्रार्थना करायला नवसू डोंगराकडच्या पाड्यांपर्यंत चालत जायचा. या पंधरा पावलांवरच्या घरात तो तीन वर्षांत गेला नव्हता.

मी रूथला पढवलं. पप्पाजवळ जायचं नाही, लांबून बोलायचं, नाकाला रुमाल लावायचा. मी कडक आहे. तिने एकदा अंगणातून त्याच्याकडे धाव घेतली तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की ती घाबरून मागे सरकली. तेव्हापासून ती धावली नाही.

रिपोर्ट आले. नवसूचा जंतू रिफॅम्पिसिनला दाद देणारा होता. एमडीआर नव्हता. रूथची छाती साफ, पोटातल्या पाण्यात जंतू नाही, हातावर गाठ नाही. ताप आणि वजन उतरणं पोटातल्या जंतांमुळे होतं, जंताचं औषध दिलं. मॅडम म्हणाल्या, “वाचलात. पण यावर विसंबू नका, तिच्यावर लक्ष ठेवा.” मी दवाखान्याच्या आवारातल्या झाडाखाली बसून देवाचे आभार मानले.

आता आठ महिन्यांचे उपचार. नव्या गोळ्या, आणि पहिल्या दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनची चोवीस इंजेक्शनं. उपकेंद्रातल्या सिस्टर इंजेक्शन द्यायच्या. गोळ्या या वेळी मंगलताईंकडे. एक दिवसाआड आमचे पास्टर अंगणवाडीत जाऊन बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे, समोर पोरं खिचडी खात असायची. मंगलताई सगळ्यांदेखत म्हणायच्या, “तोंड उघडा पास्टर. जीभ वर.” पोरंही जिभा वर करून दाखवायची. लोक काय म्हणतील याची मला इतकी धास्ती होती, आणि लोक म्हणाले फक्त एवढंच की, पास्टर आता वेळेवर येतात.

कानात शिट्ट्या वाजायच्या, चालताना तोल जायचा. बरेच दिवस तो ओट्यावर पडून असायचा. सुपरवायझर घर बघायला आले आणि म्हणाले, “इथे हवाच नाही. एवढ्या कोंदट घरात जंतू टिकून राहतात.” आमचं घर कुडाचं, कारवीच्या काड्यांवर शेणमाती लिंपलेलं, मागच्या बाजूला झरोकासुद्धा नाही. प्रार्थनाघराला सहा खिडक्या होत्या. घराची मागची भिंत वाळवीने खाल्लेली, तिचं नाव काढलं की ‘प्रार्थनाघर झाल्यावर’ असं उत्तर मिळायचं.

त्याच दिवसांत मी त्याला दुपारी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचे, कारण पुस्तक हातात धरलं की त्याला गरगरायचं. नहेम्या काढला. तिसरा अध्याय आला तेव्हा तो म्हणाला, “हा सोड. नुसती नावं आहेत.” मी म्हटलं, “वाचते. कोणी लिहिली असतील तर कशासाठी तरी लिहिली असतील.” रजिस्टर भरणाऱ्या बाईला नावांच्या यादीचा कंटाळा येत नाही. याने इथपासून तिथपर्यंत डागडुजी केली, त्याच्या शेजारी त्याने केली. आणि मध्येच येतं, अमक्याने आपल्या घरासमोरची केली. पुन्हा येतं. पुढे याजक, म्हणजे त्यांचे पुजारी, येतात, तेही आपापल्या घरासमोर. एक जण तर फक्त आपल्या खोलीसमोरचा तुकडा बांधतो. एक शल्लूम नावाचा माणूस आहे, तो आपल्या मुलींना बरोबर घेऊन बांधतो.

नवसूने मला तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग डोळ्यांवर हात आडवा ठेवून म्हणाला, “इतक्या वेळा हे पुस्तक सांगितलं, पण हा अध्याय मी दर वेळी ओलांडून गेलो. रडणं सांगितलं, शत्रू सांगितले, तलवारी सांगितल्या. कोण कुठे उभा राहून बांधत होता ते नाय सांगितलं.”

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. सगळा कोट आपण बांधायचा असं नहेम्याने कोणालाच सांगितलं नाही. ज्याला आपल्या दारासमोरचं खिंडार रोज दिसतं तो ते नीट बुजवणार, कारण त्यातून शत्रू आला तर आधी त्याच्याच लेकरांवर येणार. माझ्याकडे सगळ्या वस्तीचं रजिस्टर होतं आणि नवसूकडे सगळ्या मंडळीचं ओझं. आमच्या दोघांच्या मध्ये जे खिंडार होतं तिथे एक पाच वर्षांचं लेकरू झोपत होतं.

इंजेक्शनं संपल्यावर थोडा तोल सावरला तेव्हा त्याने पहिलं काम काय केलं असेल तर मागचा कुड काढला. एका दिवसात नाही, पंधरा दिवस लागले, दोन काड्या बांधल्या की बसावं लागायचं. देवलीच्या नवऱ्याने, म्हणजे त्याच्याच भावाने, न बोलता येऊन दुसरं टोक धरलं. नवीन कुडात दोघांनी मोठी खिडकी ठेवली. नहेम्याच्या लोकांनी खिंडारं बुजवून घर राखलं, आम्हाला भिंत फोडून राखावं लागलं.

तिसऱ्या महिन्यात थुंकी निगेटिव्ह, पाचव्यात निगेटिव्ह, आठव्यात निगेटिव्ह. २०१६ संपत आलं होतं. मॅडमनी कार्डावर ‘बरा’ असं लिहिलं आणि त्याला म्हणाल्या, “आता सांगा लोकांना.” त्यांना आमच्या रिवाजाची काय कल्पना! सहज म्हणाल्या असतील.

पुढच्या रविवारी नवसू उभा राहिला. आधी नावांचा तो अध्याय वाचला. मग म्हणाला, “मागं मी इथं साक्ष दिली ती मी बरा व्हायच्या आधी दिली. मग लाजेनं गोळ्या सोडल्या. त्या बाहेरच्या कुंपणाच्या पायात आहेत. प्रभूनं मला त्या गोळ्यांतून बरं करायचं ठरवलं होतं आणि मी त्या मातीत पुरल्या. माझ्या पोरीला धोक्यात घातलं. तुमच्यापैकी कोणी माझं ऐकून औषध सोडलं असेल तर उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला.”

टाळ्या झाल्या नाहीत. दोन कुटुंबं त्यानंतर मंडळीत आली नाहीत, पास्टरचा विश्वास कमी पडला असं म्हणाली. एक म्हातारा मात्र सोमवारी सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला, साखरेच्या आजाराच्या गोळ्या सोडून त्याला दोन महिने झाले होते. त्याला घेऊन नवसू तलासरीला गेला.

आज २०१९ साल आहे. गेल्या काही महिन्यांपासून आमच्याकडे जमीन हादरते आहे, लोक घाबरून नवसूला प्रार्थनेला बोलावतात. तो जातो, पण आधी त्या घराच्या भिंतींना कुठे तडा गेलाय ते बघतो. डॉक्टर मॅडम, सिस्टर, मंगलताई, माझी देवली, यांची नावं मी रोज घेते. आणि ज्यांच्या घरात गोळ्यांची पेटी आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आपल्या माणसाला गोळी देताना त्याच्या तोंडाकडे बघा. तो कितीही मोठा असो.

एक गोष्ट राहिली. ती त्या दुसऱ्या साक्षीच्या रविवारची आहे.

नव्या उपचारांत थुंकी पहिल्यांदा निगेटिव्ह आली तेव्हाच मॅडम म्हणाल्या होत्या, आता मुलगी जवळ गेली तरी चालेल. रूथ घरी परत आली, पण बापापाशी जाईना. काही मागायचं झालं तर उंबऱ्यावरून मागायची, तो आत आला की रुमाल शोधायची. नवसू तिला हाक मारायचा नाही. म्हणायचा, तिला जवळ बोलावायचा माझा हक्क मी घालवला. असे कितीतरी महिने गेले.

त्या रविवारी प्रार्थना संपवून आम्ही घरी आलो. तो ओट्यावर बसला होता, घामाने शर्ट भिजलेला. रूथ अंगणात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. सभेत ती माझ्या मांडीशी बसून सगळं ऐकत होती.

“पप्पा, तू खरंच गोळ्या टाकल्या होत्या?”

“हो.”

“का?”

“भ्यालो होतो.”

“कोणाला?”

“लोकांना.”

मग ती त्याच्याकडे न जाता माझ्याकडे वळली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दवाखान्याने सांगितलं होतं, बापाने वाट बघितली होती, पण जिने ओरडून तिला थांबवलं होतं तिने अजून काही सांगितलंच नव्हतं.

“जा,” मी म्हटलं.

आणि ती धावत गेली.